खरे उत्तर, खोटी वाट

महाविद्यालयात शिकत असताना मी प्रयोगवहीत एक असत्य लिहिले होते. ते कोणालाही सापडले नाही. उलट त्याबद्दल मला पूर्ण गुण मिळाले. ह्या गोष्टीस चाळीसहून अधिक वर्षे लोटली. परंतु संशोधनातील सचोटीचा प्रश्न कोठे चर्चेस आला की ती वही अजूनही माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते. आज त्या आठवणीच्या आधारे एका जुन्या नैतिक प्रश्नाचा विचार करावा असे मनात आहे. अंतिम उत्तर खरे असेल, तर ते कोणत्या वाटेने मिळवले ह्याला महत्त्व का द्यावे?

प्रयोग साधाच होता. पोलादी तारेचा यंगचा गुणांक काढायचा होता, म्हणजे ताण दिल्यावर ती तार कितपत लांबते हे मोजायचे होते. वरच्या आधारापासून दोन तारा टांगलेल्या असत. एकीला स्थिर वजन लावलेले असे. दुसरीला अर्ध्या अर्ध्या किलोची वजने एकेक करून लावायची, पाणसळीतला बुडबुडा स्क्रू फिरवून पुन्हा मध्यावर आणायचा आणि स्क्रूवरील आकडा टिपून घ्यायचा. मग वजने एकेक करून उतरवायची आणि पुन्हा वाचन घ्यायचे. दोन मीटर लांबीची, अर्धा मिलिमीटर जाडीची पोलादी तार अर्ध्या किलोला सुमारे पाव मिलिमीटर लांबते. वजन उतरवल्यावर ती पूर्ववत होते. पोलादाचा हा धर्मच आहे.

माझी तार मात्र ह्या धर्मास जागत नव्हती. प्रत्येक वजनाला ती पाव मिलिमीटरहून बरीच अधिक लांबत होती, आणि वजने उतरवल्यावर मूळ जागी परत येत नव्हती. पुस्तकातील उत्तर २ च्या आसपास होते, माझे १.४ च्या वर जाईना. तास संपत आला होता. मी वहीत शेवटी उत्तर लिहिले, आणि त्या उत्तरापासून उलटे गणित करत वरची सर्व वाचने भरली. वाचने अगदी जुळून येऊ नयेत म्हणून त्यांत थोडा मागेपुढे फरकही ठेवला. तेवढे शहाणपण त्या वयातही होते.

दुसऱ्या दिवशी त्याच उपकरणावर माझा एक मित्र बसला. त्याने प्रामाणिकपणे १.४ हेच उत्तर लिहिले. प्राध्यापकांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्याला म्हणाले, “ह्याच तारेवर काल ह्याचे उत्तर बरोबर आले. मग तुझेच कसे चुकते?” मी तेथेच उभा होतो. मी काही बोललो नाही. पुढे काही आठवड्यांनी उपकरणाची सफाई चालू असताना तार धरून ठेवणारी वरची पकड झिजलेली आढळली. प्रत्येक वजनासरशी तार त्या पकडीतून किंचित निसटत होती. माझ्या मित्राची वही त्या दिवशीच्या त्या उपकरणाविषयी अगदी खरे सांगत होती. माझी वही पुस्तकाविषयी खरे सांगत होती, आणि उपकरणाविषयी खोटे.

आता थोडे दूर जाऊ. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे बेल लॅबोरेटरीज ही जगप्रसिद्ध संशोधनसंस्था आहे. १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टरचा जन्म झाला तो येथेच. आपल्या घरातील रेडिओपासून संगणकापर्यंत सारे काही त्या शोधावर उभे आहे. ह्या संस्थेत १९९० च्या दशकाच्या अखेरीस यान हेंड्रिक श्योन नावाचा एक तरुण जर्मन संशोधक दाखल झाला. त्याचा विषय मटेरियल्स सायन्सचा, अर्थात पदार्थांची घडण आणि त्यांचे गुणधर्म ह्यांच्या अभ्यासाचा. पेंटासीनसारख्या कार्बनी संयुगांचे स्फटिक घ्यायचे, त्यांवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा अतिशय पातळ विद्युतरोधक थर चढवायचा आणि वरून तीव्र विद्युतक्षेत्र लावून त्या स्फटिकाची वीज वाहून नेण्याची क्षमता पालटायची, अशी त्याची रीत होती. त्याने जे निष्कर्ष जाहीर केले ते थक्क करणारे होते. विजेस सहसा दाद न देणारे स्फटिक त्याच्या हातात अतिवाहक होत होते, म्हणजे कोणत्याही रोधाविना वीज वाहून नेत होते. २००१ मध्ये तर रेणूंच्या एकाच थरापासून ट्रान्झिस्टर बनवल्याचे त्याने जाहीर केले. त्या वर्षात त्याच्या नावावर सरासरीने दर आठ दिवसांस एक शोधनिबंध येत होता. पारितोषिके चालत आली. वय पुरते बत्तीसही नव्हते, पण नोबेलची कुजबुज सुरू झाली होती.

जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याचे प्रयोग करून पाहण्यास आरंभ केला. विज्ञानाची रीतच ती आहे. परंतु कोणालाही ते साधेना. इतरांनी चढवलेला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर एवढ्या तीव्र विद्युतक्षेत्रात टिकत नसे. तो फुटून जाई. श्योन सांगे की आपले थर जर्मनीत कॉन्स्टान्त्स विद्यापीठातील एका जुन्या यंत्रावर तयार होतात. मग लोकांना वाटे, रहस्य त्या यंत्रात किंवा त्याच्या हातगुणात असावे.

२००२ च्या वसंतात कॉर्नेल विद्यापीठाचे पॉल मॅक्युएन आणि प्रिन्स्टनच्या लिडिया सोन ह्या दोघांनी त्याचे निबंध शेजारी शेजारी ठेवून पाहिले. सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजताना आलेखाची रेघ कधीच सरळ येत नाही. तिला बारीक थरथर असते. अणूंची उष्णता, उपकरणातील हेलकावे अशी तिची अनेक कारणे असतात, आणि ती दोन वेळा सारखी येऊ शकत नाही. पावसाच्या दोन सरींनी अंगणात तेच थेंब त्याच जागी पाडू नयेत, तसेच हे. श्योनच्या निरनिराळ्या पदार्थांवरील, निरनिराळ्या प्रयोगांच्या आलेखांत मात्र ती थरथर बिंदूबिंदूशी एकच होती. निष्कर्ष किती असंभाव्य आहेत ह्यावरून लबाडी उघडी पडली नाही. ज्या थरथरीला कोणी महत्त्व देत नाही, ती सारखी निघाली म्हणून पडली.

स्टॅनफर्डचे माल्कम बीझ्ली ह्यांच्या अध्यक्षतेखाली पाच तज्ज्ञांची समिती नेमली गेली. समितीने २४ आरोप तपासले आणि त्यांपैकी १६ बाबतींत वैज्ञानिक गैरवर्तन सिद्ध झाल्याचा निर्णय दिला. २५ सप्टेंबर २००२ रोजी तो अहवाल प्रसिद्ध झाला आणि श्योनची नोकरी गेली. निबंधांमागून निबंध मागे घेतले गेले. पुढे कॉन्स्टान्त्स विद्यापीठाने त्याची डॉक्टरेट २००४ मध्ये काढून घेतली, आणि दीर्घ न्यायालयीन वादानंतर २०१३ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो निर्णय कायम केला. प्रबंधात लबाडी होती असा ठपका नव्हता. पदवी धारण करण्यास तो आपल्या पुढील वर्तनाने अपात्र ठरला, असे कारण दिले गेले.

समितीने त्याची प्रयोगवही मागितली तेव्हा तशी वही ठेवलेलीच नव्हती. मूळ मोजमापांच्या संगणकीय नोंदी जागेअभावी पुसून टाकल्या, असे त्याचे म्हणणे होते. नमुने खराब झाले होते किंवा टाकून दिले होते. तथापि त्याने एक गोष्ट शेवटपर्यंत सोडली नाही. आकडेवारीत चुका झाल्या, काही ठिकाणी मोजलेल्या आकड्यांऐवजी गणिती सूत्रांतून काढलेल्या रेषा घातल्या हे त्याने मान्य केले. पण ते परिणाम आपण प्रत्यक्ष पाहिले होते, असाच त्याचा दावा राहिला.

येथे आपला मूळ प्रश्न पुन्हा पुढे येतो. समजा, त्याच्या निष्कर्षांपैकी एखादा पुढे कोणी खरोखरच सिद्ध करून दाखवला, तर त्याची लबाडी सौम्य ठरेल काय? हा प्रश्न वाटतो तितका काल्पनिक नाही. रेणूंच्या ट्रान्झिस्टरचे प्रयोग इतर संशोधकांनी प्रामाणिकपणे केले आणि त्यांत यशही मिळवले. माझ्या वहीतील उत्तरही खरेच होते. पोलादाचा गुणांक २ च्या आसपास असतो. मग आम्ही दोघांनी नेमके काय बिघडवले?

मला वाटते, गफलत ‘उत्तर’ ह्या शब्दात आहे. प्रयोगवही हे उत्तर लिहिण्याचे साधन नव्हे. ती साक्ष आहे. साक्षीदार न्यायासनासमोर उभा राहतो तेव्हा अपराधी कोण हे त्याला ठरवायचे नसते. आपण काय पाहिले, एवढेच सांगायचे असते. आरोपी खरोखरच अपराधी असला, तरी न पाहिलेले पाहिले म्हणून सांगणारा साक्षीदार खोटाच ठरतो. किंबहुना त्याच्यामुळे न्यायालयाचा सत्यापर्यंत पोचण्याचा मार्गच दूषित होतो. माझ्या वहीत ‘गुणांक २ आहे’ एवढेच लिहिलेले नव्हते. ‘आज ह्या तारेवर मी हे वाचले’ असे लिहिलेले होते, आणि ते खोटे होते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. असत्य एकटे राहत नाही. ते दुसऱ्याविरुद्ध साक्ष देऊ लागते. माझ्या वहीवरून उपकरण निर्दोष असल्याचे ठरले, आणि म्हणूनच माझ्या मित्राचा हात सदोष ठरला. श्योनच्या निबंधांनीही तेच केले, मात्र फार मोठ्या प्रमाणावर. अमेरिका, युरोप, जपान येथील कितीतरी विद्यार्थी त्या प्रयोगांमागे महिनोन्‌महिने राबले. त्यांचे थर फुटत होते, कारण ते थर तसेच फुटायचे असतात. निसर्ग त्यांना सत्य सांगत होता. परंतु छापील निबंध सांगत होता की इतरांना हे साधते. अशा वेळी तरुण माणूस निबंधावर संशय घेत नाही, स्वतःवर घेतो. आपली मेहनत कमी पडते, आपल्याला हे क्षेत्र झेपत नाही, असे त्याला वाटू लागते. वाया गेलेला पैसा मोजता येतो, वायाळ गेलेले महिनेही मोजता येतात. प्रामाणिक माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरील उडालेला विश्वास कशाने मोजायचा? ह्या अपराधाचे खरे बळी मला तेच वाटतात.

ह्याच्या उलट एक कथा सांगितल्यावाचून हा विचार पुरा होणार नाही. ८ एप्रिल १९८२ ह्या दिवशी डॅन शेख्तमान हे इस्रायली शास्त्रज्ञ अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ॲल्युमिनियम आणि मँगनीज ह्यांची एक मिश्रधातू तपासत होते. वितळलेल्या अवस्थेतून ती अतिशय वेगाने थंड केलेली होती. त्यांना वर्तुळात मांडलेले दहा तेजस्वी बिंदू दिसले. स्फटिकशास्त्राप्रमाणे हे अशक्य होते. घरातील जमिनीवर त्रिकोणी, चौकोनी किंवा षट्कोनी फरश्या एकमेकींस चिकटवून बसवता येतात. समभुज पंचकोनी फरश्या बसवू गेल्यास मध्ये फटी राहतात. स्फटिकातील अणूंची रचना अशीच पुन्हा पुन्हा येणारी असल्याने तिच्यात पाच किंवा दहा घड्यांची सममिती येऊच शकत नाही, असा सर्वमान्य सिद्धान्त होता. शेख्तमान ह्यांनी वहीत ‘दहा घड्यांची’ असे लिहून पुढे तीन प्रश्नचिन्हे काढली. दोन साधे स्फटिक एकमेकांत जुळे होऊन असा आभास निर्माण करत नाहीत ना, ह्याची तपासणीही त्यांनी त्याच दिवशी केली.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. त्यांच्या गटप्रमुखाने त्यांच्या हाती स्फटिकशास्त्राचे पाठ्यपुस्तक ठेवले, आणि काही दिवसांनी त्यांना गट सोडण्यास सांगितले. निबंध प्रथम नाकारला गेला; तीन सहकाऱ्यांसह लिहिलेला निबंध १९८४ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला. दोनदा नोबेल पारितोषिक मिळवलेले लायनस पॉलिंग १९९४ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत त्यांना विरोध करत राहिले. परंतु जगातील इतर प्रयोगशाळांत तेच बिंदू दिसत गेले. १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाने स्फटिकाची व्याख्याच बदलली. २०११ मध्ये शेख्तमान ह्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ज्याच्यावर सर्वांनी विश्वास ठेवला तो खोटा निघाला. ज्याची हेटाळणी झाली तो खरा. ह्यावरून ‘बहुमत नेहमी चुकते’ असा उथळ निष्कर्ष काढू नये. शेख्तमान ह्यांच्यावर संशय घेण्यात गैर काहीच नव्हते. एवढ्या मोठ्या दाव्यावर संशय घेणे हे शास्त्रज्ञाचे कर्तव्यच होते, आणि पहिला संशय तर त्यांनी स्वतःच, तीन प्रश्नचिन्हांच्या रूपाने, घेतला होता. दाव्यावर संशय घेणे आणि माणसाला अपमानित करणे ह्यांत मात्र अंतर आहे. पहिल्यात आपण वही उघडून पाहतो. दुसऱ्यात वही न उघडताच माणसाला दाराबाहेर काढतो. श्योनच्या बाबतीत नेमकी उलट चूक झाली. तेथेही वही कोणी उघडली नाही, केवळ माणूस मोठा मानला म्हणून. एकाची हेटाळणी आणि दुसऱ्याचा जयजयकार, दोन्हींच्या मुळाशी तोच आळस होता.

श्योनच्या सहलेखकांचा प्रश्नही येथेच येतो. समितीने त्यांना गैरवर्तनाच्या आरोपातून मुक्त केले. तरीही ज्यांचे नाव निबंधावर आहे, त्यांनी त्या निष्कर्षांची किती जबाबदारी घ्यावयास हवी होती, हा प्रश्न समितीने उघडा ठेवला. विश्वासावाचून कोणतेही सामूहिक कार्य चालत नाही. घर चालत नाही, गाव चालत नाही, प्रयोगशाळा तरी कशी चालेल? परंतु ‘माझा त्याच्यावर विश्वास होता’ हे वाक्य कधी सद्गुणाचे असते, तर कधी न पाहण्याच्या सोयीचे. सहकाऱ्याला ‘मला दाखव’ असे म्हणणे म्हणजे त्याचा अपमान नव्हे. त्यामुळे त्याच्या सत्यास माझीही साक्ष जोडली जाते.

मग चुकणाऱ्याने काय करावे? कारण माणूस चुकणारच. २०२३ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातील काही संशोधकांनी शिसे, तांबे, फॉस्फरस आणि प्राणवायू ह्यांपासून बनलेला एक पदार्थ साध्या तापमानाला अतिवाहक होतो असे जाहीर केले. जगभर खळबळ उडाली. पण तो पदार्थ कसा करावयाचा ह्याची कृती त्यांनी लिहिलेली होती. अवघ्या काही आठवड्यांत ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी तो करून पाहिला, आणि रोधात अचानक दिसणारी घट त्यात मिसळलेल्या तांब्याच्या सल्फाइडमुळे होती हे स्पष्ट केले. दावा पडला, परंतु त्या पडण्यातून ज्ञानात भरच पडली. कृती उघड असल्यामुळे चूक सापडू शकली. माझ्या मते सचोटीची खरी कसोटी हीच आहे. मी कधीच चुकत नाही, असे सचोटी म्हणत नाही. मी चुकलो असेन तर ते दुसऱ्याला सापडेल, अशी जागा ती मागे ठेवते. लबाड मनुष्य प्रथम ती जागा बुजवतो. श्योनने वही ठेवली नाही. मी वही ठेवली, पण तिच्यातील पकड निसटल्याची खूण पुसून टाकली. फरक प्रमाणाचा होता, जातीचा नव्हता.

माझा तो मित्र पुढे विज्ञानशाखा सोडून वाणिज्याकडे वळला. त्याला ती एकच घटना कारणीभूत झाली असे मी म्हणणार नाही. परंतु ती मुळीच नव्हती असेही म्हणण्याचे धैर्य मला नाही. वीस-एक वर्षांनी एका लग्नसमारंभात आमची गाठ पडली. मंडपाच्या कडेला खुर्च्या ओढून आम्ही बोलत बसलो, आणि मी त्याला सर्व सांगितले. वजन उतरवल्यावर माझीही तार परत येत नव्हती, हे सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे तुलाही १.४ च आले होते?” मी होय म्हटले. त्यावर तो एवढेच बोलला, “तेव्हा सांगितलं असतंस, तर बरं झालं असतं.”

त्याच्या स्वरात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. इतकी वर्षे मी समजत होतो की माझा अपराध पुस्तकाशी किंवा परीक्षेशी झाला. त्या दिवशी कळले की तो त्या मुलाशी झाला होता, ज्याने खरे पाहिले, खरे लिहिले, आणि आपल्याच डोळ्यांवरचा विश्वास गमावला. सत्य उशिरा सांगितल्याने ते असत्य होत नाही; परंतु ज्याला त्याची गरज होती, तो तोवर वाट पाहून निघून गेलेला असतो.

आज आपल्या घरोघरची मुले प्रयोगवह्या लिहितात आणि संध्याकाळी आपण त्यांना विचारतो, “उत्तर बरोबर आलं का?” हा प्रश्न टाकू नये असे मी म्हणत नाही. पण त्याच्या आधी एक प्रश्न विचारता येईल: “तुला काय दिसलं?” मूल म्हणाले की पुस्तकात आहे तसे दिसले नाही, तर त्याला रागावू नये. त्याच्यासोबत जाऊन तारेची पकड तपासावी.